आधी पाणी, मग औषध : जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची वाटचाल

नगर शहरातून आग्नेयेला निघालेली एस.टी. पाऊणशे किलोमीटर कापून जामखेडला पोचते. तिथून थोडे पुढे गेले की बीड जिल्हा लागतो. गावाला रेल्वे नाही. इतिहासात मात्र तालुक्याचे नाव मोठे आहे. 1795 ची खर्ड्याची लढाई इथली, आणि अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी हेही याच तालुक्यातले. जिल्ह्याला आता त्यांचेच नाव मिळाले आहे. पाऊस मात्र या मुलखावर कायम रुसलेला. ज्वारी-बाजरीवर वर्ष निघत नाही म्हणून दिवाळीच्या सुमाराला घराला कुलूप घालून, बैलगाडीत संसार भरून ऊसतोडीला जायचे, ही इथल्या हजारो कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. अशा ठिकाणी 1970 मध्ये एक डॉक्टर दाम्पत्य अमेरिकेतून शिकून आले आणि राहिले. त्यांनी सुरू केलेल्या संस्थेचे कागदोपत्री नाव ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट’. पंचक्रोशीने ते नाव कधी उच्चारले नाही. लोकांच्या तोंडी तो ‘आरोळे डॉक्टरांचा दवाखाना’ झाला.

डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच, शिक्षक आईवडिलांच्या घरात वाढलेले. डॉ. मेबल यांचे माहेर जबलपूरचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघे एकत्र शिकले आणि 1960 मध्ये विवाहबद्ध झाले. आपले आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचे, हा निश्चय त्यांनी लग्नाच्या दिवशीच केला होता. त्यानंतर काही वर्षे त्यांनी नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. या वडाळ्याच्या वर्षांकडे चरित्रलेखक घाईने पाहून पुढे जातात. मला मात्र सगळ्या इतिहासाची गुरुकिल्ली तिथेच दिसते. रुग्णालय उत्तम चालत होते, दारात रांगा होत्या, शस्त्रक्रिया यशस्वी होत होत्या. पण हगवणीने सुकलेले जे पोर सलाईन देऊन वाचवले, तेच महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा आईच्या कडेवर येत होते, कारण ते ज्या विहिरीचे पाणी पीत होते ती विहीर तीच होती. बहुतेक आजार टाळता येण्यासारखे होते. आणि जे खरोखर गरीब होते, ते रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचतच नव्हते. उत्तम रुग्णालय चालवूनही आसपासच्या गावांचे आरोग्य जिथल्या तिथे राहते, हा धडा त्यांनी स्वतःच्या कामाच्या हिशेबातून घेतला. यशस्वी डॉक्टरला असा हिशेब मांडणे किती जड जात असेल! त्यानंतर अमेरिकेत पुढचे वैद्यकीय प्रशिक्षण आणि शेवटी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास, तोही डॉ. कार्ल टेलर यांच्यासारख्या, भारतातच जन्मलेल्या आणि इथली खेडी पाहिलेल्या शिक्षकाच्या हाताखाली. परतताना त्यांच्याजवळ एक आराखडा होता आणि एक अट होती. जिथले लोक बोलावतील, जागा देतील आणि कामात भागीदार होतील, तिथेच जायचे.

जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावले. पहिला दवाखाना भरला तो जनावरांच्या जुन्या, वापरात नसलेल्या दवाखान्याच्या इमारतीत. त्या वेळची स्थिती सांगणारा एक आकडा पुरेसा आहे. 1971 मध्ये या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 176 बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. म्हणजे साधारण सहा पाळण्यांतला एक पाळणा वर्षाच्या आत रिकामा होत होता. लसीकरण आणि गरोदरपणातली तपासणी शंभरात एकीच्याही वाट्याला येत नव्हती. बाळंतपण अंधाऱ्या खोलीत, नाळ कापायला हाताला लागेल ते हत्यार. पाच वर्षांखालच्या दर दहा मुलांमागे चार कुपोषित.

डॉक्टर गावोगावी बसून लोकांना विचारू लागले, तेव्हा कोणी आरोग्य मागितले नाही. लोकांनी पाणी मागितले आणि अन्न मागितले. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. महाराष्ट्राच्या ज्या पिढीने तो पाहिला तिला खडी फोडणाऱ्या बायका आणि सुकडीची पोती अजून आठवतात. जामखेड तालुक्यात गुरे बाजारात मातीमोल गेली आणि माणसे दुष्काळी कामांवर गेली. दवाखान्यात औषधे वाटत बसण्याला अशा वेळी काही अर्थ नव्हता. प्रकल्पाने विंधनविहिरी खोदायला घेतल्या.

इथे थोडे थांबून सांगावे लागेल, कारण या संस्थेचे वेगळेपण या विहिरींच्या कहाणीतच आहे. तेव्हाच्या गावाची मांडणी सर्वांना ठाऊक आहे. मध्ये गावठाण, वेशीबाहेर महारवाडा, मांगवाडा. विहीर गावठाणात. दलित बाईने घागर घेऊन विहिरीपासून अंतर राखून उभे राहायचे आणि वरून कोणी दया येऊन पाणी ओतेल तेव्हा घरी जायचे. तिच्या घरी मुलांना हगवण का, खरूज का, याचे उत्तर कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे नव्हते. आरोळ्यांनी भूजलाच्या जाणकाराला सोबत घेतले, गावात आणि वस्तीत दोन्हीकडे पाणी कुठे लागेल ते पाहिले आणि जिथे जिथे शक्य झाले तिथे विंधनविहिरीची जागा दलित वस्तीत ठरवली. यंत्र आले, पाणी लागले, हापसा बसला. उन्हाळा कडक होता, गावातली विहीर आटलेली होती. पहिले काही दिवस कुरबुर झाली. मग डोक्यावर हंडा-कळशी घेऊन गावठाणातल्या बायका वस्तीकडे चालू लागल्या. ज्या पाण्यासाठी एक समाज पिढ्यान्‌पिढ्या दूर उभा राहिला होता, त्याच पाण्यासाठी आता दुसरा समाज त्याच्या अंगणात रांगेला लागला. कोणी भाषण केले नाही, कोणाला उपदेश केला नाही. मला वाटते, पुढे जगाने ‘आरोग्यातील समता’ म्हणून जो विषय अभ्यासाला घेतला, त्याचा जामखेडमधला पहिला धडा हापशाच्या दांड्यावर गिरवला गेला.

गावातल्या पुरुषांशी ओळख व्हायला व्हॉलीबॉल कामाला आला. संध्याकाळी डॉक्टर आणि त्यांचे सहकारी तरुणांबरोबर खेळत. नेट बांधले की कोण कोणत्या जातीचा हे पाहून चेंडू टाकता येत नाही. खेळ संपला की घामेजलेली मंडळी तिथेच बसून गप्पा मारत, आणि त्या गप्पांतून तरुण शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. त्यांनी घरोघर पाहणी केली, मुलांची वजने करायला मदत केली, पुढे बांधबंदिस्ती आणि झाडे लावण्याची कामे अंगावर घेतली. लहान मुलांसाठी गावागावांत सामूहिक स्वयंपाकघरे चालली. सगळ्या जातींची पोरे एका पंगतीत जेवू लागली. आयांना आधी धास्ती वाटली. मग पोरांच्या अंगावर मांस दिसू लागले आणि धास्ती मागे पडली.

पण एक बेत मात्र साफ फसला, आणि संस्थेच्या इतिहासात तो लपवू नये. गावात राहून काम करायला प्रशिक्षित परिचारिका पाठवायच्या, असे आधी ठरले होते. कागदावर हे बरोबर दिसत होते. प्रत्यक्षात शहरातून आलेली तरुण, एकटी मुलगी खेड्यात राहायला घाबरत होती, आणि गावही तिला परकी समजत होते. तिची भाषा वेगळी, कपडे वेगळे, बाळंतपणाचा स्वतःचा अनुभव नाही. अशा पोरीचे सासवांनी का ऐकावे? या अपयशातूनच प्रश्न पुढे आला : बाहेरून कोणी आणण्यापेक्षा गावातलीच बाई का शिकू नये?

मग गावाने आपली बाई आरोग्यसेविका म्हणून निवडायची, असे ठरले. बहुतेक जणी निरक्षर, बऱ्याच जणी दलित आणि मागास समाजातल्या, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. मुले झालेल्या, दुःख पाहिलेल्या, गावाच्या उंबऱ्या-उंबऱ्यावरची भाषा जाणणाऱ्या. डॉक्टरी वर्तुळातल्या अनेकांना ही कल्पना धोक्याची वाटली असणार. अक्षर न येणाऱ्या बाईच्या हाती रक्तदाब मोजण्याचे यंत्र द्यायचे, हे आजही अनेकांच्या पचनी पडत नाही.

प्रशिक्षणाची रीत साधी होती आणि तिच्यातच तिचे बळ होते. आठवड्यातून दोन दिवस या बायका जामखेडला येत, मुक्काम करीत. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, त्यांच्याच पंगतीत डॉक्टर. जी बाई जन्मात दुसऱ्या जातीच्या बाईशेजारी बसून जेवली नव्हती, ती इथे तिच्याच शेजारी झोपायची. चित्रे, गाणी, गोष्टी, बाहुल्या यांतून शिकणे. एका खेपेला एकच विषय, आणि पुढच्या आठवड्यात आल्यावर आधी प्रश्न : गावात काय झाले? कोणी ऐकले नाही? का ऐकले नाही? हे शिक्षण एकदा प्रमाणपत्र देऊन संपले नाही. वर्षानुवर्षे, दशकानुदशके चालू राहिले.

त्या शिकल्या काय? हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजायचे, आणि सलाईनच्या बाटलीतून अंगात जाते तेही मुळात पाणी, मीठ आणि साखरच असते. बाळाला आईचा चीक पाजायचा, तो फेकायचा नाही. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर काय लिहायचे ते लिहो, पण नाळ नव्या ब्लेडने कापायची, दोरा उकळून घ्यायचा आणि हात साबणाने धुवायचे. गोवर ही देवीची माया म्हणून पोराला उपाशी ठेवायचे नाही. गरोदर बाईच्या पायावर सूज दिसली, डोके दुखते म्हणाली, की रक्तदाब बघायचा आणि जोखमीची बाई वेळेत जामखेडला पाठवायची. अंगावरचा बधिर चट्टा ओळखायचा. आणि हे सारे शिकल्यावर ते आपल्यापाशी ठेवायचे नाही, शेजारणीला द्यायचे.

शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड होती, असे मी समजतो. आपल्याकडे विद्या दडवून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. वैद्य नुस्खा सांगत नाही, मांत्रिक मंत्र सांगत नाही, आणि डॉक्टरचे अक्षर औषधवाल्यालाच वाचता येते. जामखेडमध्ये डॉक्टरांनी आपली विद्या उघड्यावर मांडली आणि सेविकांनीही ती गावात वाटली. महिला मंडळांत ती पोचली, तेव्हा सासूच सुनेला चीक पाजायला सांगू लागली.

गावाने या बायकांना सहजी मानले नाही. कालपर्यंत शेतात खुरपणी करणारी आज आम्हाला शहाणपण शिकवते, हे बोल प्रत्येकीने ऐकले असतील. विश्वास मिळाला तो बाळंतपणांतून. अडलेली बाई सुखरूप मोकळी झाली, जगणार नाही असे वाटणारे मूल रांगू लागले, की जातीचा विचार न करता रात्री-अपरात्री दारावर थाप पडू लागली. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच जिची ओळख होती, तिला गाव तिच्या नावाने हाक मारू लागले.

कुष्ठरोगाच्या बाबतीत संस्थेने घेतलेला निर्णयही असाच दूरचा विचार करणारा ठरला. वेगळी वसाहत नाही, वेगळा दवाखाना नाही. कुष्ठरुग्ण इतर रुग्णांच्याच रांगेत बसेल, त्याला औषध त्याच्या गावात सेविका देईल. गावाची भीती गावातच मोडायची. अपघातात पाय गमावलेल्यांसाठी जयपूर फूट बनवण्याची कर्मशाळा सुरू झाली आणि तिथे कारागीर म्हणून स्थानिक माणसेच तयार झाली.

आता आकडे. 176 चा बालमृत्युदर 1976 मध्ये 52 वर आला. अवघ्या पाच वर्षांत! तेव्हा प्रकल्पाचा पसारा सुमारे 30 गावे आणि 40 हजार लोकवस्ती एवढा होता. 1996 मध्ये तो दर 26 होता. जन्मदर हजारी 40 वरून 1996 पर्यंत 20 वर आला. 1986 पर्यंत कुपोषित मुलांचे प्रमाण शंभरात 40 वरून 5 झाले होते. हे संस्थेचे आकडे, म्हणून कोणी शंका घेईल. त्यासाठी 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेला अभ्यास पाहावा. प्रकल्पाच्या गावांची तुलना आसपासच्या इतर गावांशी केली, तेव्हा एक महिना ते पाच वर्षे या वयातल्या मुलांच्या मृत्यूची जोखीम प्रकल्पाच्या गावांत 30 टक्क्यांनी कमी आढळली. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. हेही नोंदवले पाहिजे, कारण कामाची पुढची दिशा अशाच नोंदींतून कळते.

जगाचे लक्ष लवकर गेले. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून चाललेल्या आरोग्यकार्यांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडचे प्रकरण होते. 1978 च्या अल्मा-आता परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जी घोषणा झाली तिच्यामागे जे मोजके अनुभव होते, त्यांत हा एक. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1990 मध्ये डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण. 1994 मध्ये दोघांनी लिहिलेले ‘जामखेड’ हे इंग्रजी पुस्तक आले. शंभराहून अधिक देशांतले लोक इथे शिकायला येऊन गेले. पण मला या सगळ्यापेक्षा मोठा वाटतो तो 1988 मधला प्रसंग. वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत जामखेडची एक आरोग्यसेविका व्यासपीठावर उभी राहिली आणि सभागृहाच्या छतावरच्या झुंबरांकडे पाहत तिने मोठ्या रुग्णालयांची तुलना त्यांच्याशी केली. सुंदर आणि महाग, पण हात न पोचणारी. आणि आपल्यासारख्या सेविका म्हणजे साधे दिवे, ज्यांच्या ज्योतीवर दुसरा दिवा लावता येतो. वेशीबाहेरच्या वस्तीतून निघालेला विचार तिथवर गेला होता.

देशानेही हा मार्ग उचलला, पण अर्धामुर्धा. 1977 मध्ये केंद्र सरकारने गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली. निवडले गेलेले बहुसंख्य पुरुष होते, आणि बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला कोण घेणार? ती योजना विरत गेली. 2005 मध्ये आशा कार्यकर्तीची योजना आली तेव्हा ही चूक सुधारली. आज महाराष्ट्राच्या प्रत्येक खेड्यात आशाताई आहे, आणि तिच्या घडणीत जामखेडचा वाटा आहे हे अभिमानाने सांगावे. तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आशांचे पायाभूत प्रशिक्षण 23 दिवसांचे ठरले. जामखेडला बायका दर आठवड्याला, वर्षानुवर्षे येत होत्या. योजनेने सेविका घेतली, पण ती जिथे घडत होती ती पंगत घेतली नाही. आणि मानधनाचा प्रश्न जामखेडलाही पुरता सुटलेला नाही. गावाचा आदर मोठाच आहे, पण गरीब बाईच्या सेवाभावावर समाजाने किती काळ आणि किती भार टाकायचा, याचे उत्तर आपण सर्वांनी द्यायचे आहे.

डॉ. मेबल सप्टेंबर 1999 मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत मे 2011 मध्ये. त्यांची मुले डॉ. शोभा आणि रवी आरोळे यांनी काम पुढे नेले. रोगही बदलले. ज्या गावांत हगवणीने मुले जात होती तिथे आता रक्तदाब, मधुमेह, कर्करोग आणि मनाचे आजार आहेत. किशोरवयीन मुलींचे गट झाले, पाठोपाठ मुलग्यांचेही, कारण मुलींना एकट्यांना शिकवून घर बदलत नाही हे सेविकांनीच सांगितले. गरीब वस्तीतल्या चिमुकल्यांसाठी बालवाडी आहे. खडकतच्या शेतावर सेंद्रिय शेतीचे प्रयोग होतात, आणि घरातून टाकल्या गेलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळाला. पाण्याचा प्रश्न दर दोन-चार वर्षांनी पुन्हा उभा राहतोच, कोयताही सुटलेला नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढली जात असल्याचे 2019 मध्ये उघड झाले आणि विधिमंडळात त्यावर चर्चा झाली. शरीराबद्दल स्वतः निर्णय घेण्याइतकी माहिती बाईच्या हाती नसली तर काय होते, ते हाकेच्या अंतरावर दिसले.

डॉक्टरांनी आपले अनुभव पुस्तकात लिहून ठेवले. पहिल्या पिढीतल्या सेविकांना अक्षर येत नव्हते. त्यांनी जे केले ते त्यांच्या स्मरणात आणि त्यांच्या गाण्यांत आहे. त्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, काही आपल्यातून गेल्याही. हे वाचणाऱ्यांतले जे कोणी जामखेड, आष्टी, पाटोदा, कर्जत या भागातल्या गावांतले असतील, त्यांना हात जोडून विनंती आहे. या दिवाळीला गावी जाल तेव्हा आपल्या गावातल्या सेविकेच्या घरी जा. आपला जन्म कदाचित तिच्याच हातून झाला असेल. तिच्याजवळ बसा, तिने किती बाळंतपणे केली, पहिल्यांदा तिला कोणी दारातून परत पाठवले आणि पहिल्यांदा कोणी आत बोलावले, ते विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, तिच्या नावानिशी वहीत उतरवून घ्या आणि ती वही संस्थेकडे पोचवा.